बर्फवाल्याने अडवलेलं विमान

(बर्फाच्या कारखान्यामागची खोली. बाप पहाटेची पाळी संपवून आलेला. लेक दवाखान्यात नर्स आहे, ती कामावर निघालेली. आत्या भाजी निवडते आहे.)

बाप : …आणि हे शपथेवर सांगितलं तरी कुणाचा विश्वास बसायचा नाही. विमान अडवलं मी. आख्खं.

आत्या : कसं? शेपटी धरून?

बाप : तू भाजी निवड. पोरी, तू ऐक. चप्पल नंतर घाल.

लेक : बाबा, उशीर होतोय. वॉर्डात आज आम्ही दोघीच आहोत.

बाप : म्हणूनच ऐक म्हणतो. सकाळी विमानतळावरून फोन. सुका बर्फ आणा, तो धूर सोडणारा, असेल तेवढा आणा. टेम्पो भरून गेलो. बघतो तर विमान एवढं मोठं, की सावलीत उभं राहिलं तर सर्दी व्हावी. पोटात काय होतं सांग?

आत्या : तुझ्या थापा. दुसरं काय मावणार एवढ्यात?

बाप : लस. या साथीची लस. खोकीच्या खोकी. परदेशी निघालेली, वाटेत इंजीन बिघडलं म्हणून आपल्याकडे टेकलेली. खोक्यांतला बर्फ संपत आलेला. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळ्या लशीचं पाणी.

लेक : कुठल्या देशात चालली होती?

बाप : जिथे सगळ्यांचे दोन्ही दंड टोचून झालेत. आता तिसऱ्यांदा टोचायची म्हणे. लोक डॉक्टरला विचारतात, डावा झाला, उजवा झाला, आता कुठे?

लेक : आणि आम्हाला सांगितलंय, तुमचा नंबर पुढच्या वर्षी.

आत्या : तोवर साथीला म्हणावं, बाई, बाहेर बाकड्यावर बस.

लेक : मोठ्या सिस्टर परवा गेल्या, आत्या. आमच्याच वॉर्डात. सकाळी ज्या पलंगाची चादर त्यांनी बदलली, त्याच पलंगावर.

बाप : हेच, हेच डोक्यात होतं माझ्या. टेम्पोच्या फळीला पाठ लावून उभा राहिलो. म्हटलं, बर्फ देतो, पण आधी दहा खोकी आमच्या दवाखान्याला. सुटाबुटातला साहेब आधी गुरकावला, मग गयावया करायला लागला. पायलट तर रडला. त्याचे अश्रू बर्फावर पडले ते टपटप गारा होऊन उडाले.

आत्या : आणायच्यास की चार वेचून. उकडतंय किती.

लेक : मग?

बाप : मग काय. तुझा बाप हटतोय होय? दहा मागितली, दहाच घेतली. सोमवारी दवाखान्यात पोचतात.

लेक : सोमवारी? आज का नाही?

बाप : अगं, सही-शिक्के असतात, दहा टेबलं असतात. म्हणून म्हणतो, आज जाऊ नकोस. सोमवारपर्यंत रजा टाक. टोचून घे, मग खुशाल जा. मी अडवतोय होय तुला?

आत्या : हे मात्र शहाण्यासारखं बोललास, दादा. जन्मात पहिल्यांदा.

लेक : दहा खोकी म्हणजे… सगळ्या सिस्टर, वॉर्डबॉय, झाडणाऱ्या मावश्या, सगळ्यांना पुरून उरेल. बाळंतिणींनाही देता येईल. बाबा, खरं सांगताय ना?

बाप : खोटं असेल तर जीभ झडो.

आत्या : ती कसली झडतेय. एवढ्या वर्षांत नाही झडली.

लेक : थांबा, मी माझ्या जोडीच्या सिस्टरला फोन करते. सकाळपासून एकटीच आहे वॉर्डात. तिला तरी जरा…

बाप : फोन नको. कुठे बोलायचं नाही अजून. वरून तसं सांगितलंय.

लेक : वरून. बरं. चहा घ्या, निवतोय कधीचा.

बाप : ठेव तिथे.

लेक : धरा ना.

बाप : ठेव म्हटलं ना खाली.

लेक : हात का मागे नेताय? बघू. बाबा, बघू म्हणते मी.

आत्या : अगं बाई. हे कधी झालं? स्टोव्हवर पडलास की काय?

लेक : स्टोव्हने बोटं अशी पांढरी पडत नाहीत, आत्या. हे सुक्या बर्फाने भाजलंय.

बाप : लागला असेल एखादा तुकडा, टेम्पोत चढवताना.

लेक : एका तुकड्याने दोन्ही तळवे जात नाहीत. खोकं न् खोकं भरून दिलंत तुम्ही.

आत्या : म्हणजे सोमवारी…

लेक : सोमवारी काही नाही. यांनी कुणाला अडवलंच नाही, आत्या. हातमोजे घालायलासुद्धा थांबले नाहीत.