चौथा एक्सल

हॅलो?… हां, बोल… अगं ओरडू नकोस, नीट ऐकू येतंय मला.

नाही, घरी कुठली! पुलाच्या टोकाला आहे, गाडीत. टपावर पिवळा दिवा गरगरतोय आणि पुढे 'अवजड माल' अशी पाटी… चेष्टा नाही गं! एवढा मोठा माल निघाला की पुढे एक गाडी लागते, रस्ता मोकळा करायला. ती मी चालवते. माझ्या लेकीनेच, भिंगरीनेच नेमलंय मला.

हो, भिंगरीचा पहिलाच माल. वीजकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर. आपल्या माहेरच्या स्वयंपाकघरात मावणार नाही, एवढं धूड.

भावोजींना त्या नोकरीचं उत्तर आजच हवंय?… अगं, जरा दम धर की. माहितेय मला, तिनेच कबूल केलंय. हा माल पोचला नाही तर ट्रेलर विकेन आणि काकांच्या ऑफिसात येऊन बसेन, असं तोंडाने म्हणालीय. पण पोचला नाही असं अजून कुठे झालंय? पुलाच्या त्या टोकाला उभी आहे ती.

सकाळचं? तुला कुणी सांगितलं?… हो, अडवलं होतं. खोटं कशाला बोलू.

अगं, ऐक ना! पुलाचे साहेब नुसतं एकूण वजन नाही बघत. एकेका एक्सलवर किती भार येतो ते बघतात. एक्सल म्हणजे… डाव्या-उजव्या चाकांच्या मधला आडवा दांडा. जितके एक्सल जास्त, तितका भार वाटला जातो. कपाट तिघांनी उचलायचं की चौघांनी, तसंच की. म्हणून तिने चार एक्सलचा ट्रेलर घेतला.

हो, हो… भावोजी म्हणाले होते, तीन पुरेत. टायर जास्त लागतात, वळताना घासतात, ट्रेलरच जड होऊन बसतो… खोटं नाही त्यांचं. म्हणून तर तिने चौथा उचलता येणारा घेतला! रिकामी गाडी असली की बटण दाबायचं, चाकं वर… मी? मला सगळं पाठ झालंय बाई. जेवताना दुसरं बोलते काय ती!

मग अडवलं का? चुकली ती, झालं. टेप लावून ट्रान्सफॉर्मर बरोबर मधोमध बसवला. पण त्याचं वजन मधोमध नसतं ना! एका बाजूला जड असतो मेला. मागचे दोन एक्सल मर्यादेबाहेर गेले… हो ना! मला तर वाटलं, संपलं, आता ही रडणार.

रडतेय कसली! 'आई, माझं चुकलंय, मीच सरकवते' म्हणाली. साखळ्या सोडल्या, जॅक लावले, आणि तसूतसूने पुढे घेतला. दोन दांडगे कामगार हाताखाली, आणि हुकूम हिचा. तू बघायला हवी होतीस गं… काल-परवापर्यंत माझा पदर धरून…

थांब. वॉकीटॉकी वाजतोय… थांब ना! पुन्हा तोलतायत.

…पहिला बसला मर्यादेत… दुसरा बसला… तिसरा… अगं बाई, साहेब पुन्हा बघतायत म्हणे…

चौथा! चारही बसले! चारही!

नाही, नाही, आनंद नंतर कर. पूल राहिलाय अजून. पुलावर दुसरं कुणी नाही, फक्त ती. मधल्या पट्ट्यावरून, माणूस चालतो त्या वेगाने. मध्येच ब्रेक मारायचा नाही, गिअर बदलायचा नाही…

निघाली.

आता बोलू नकोस. फोन ठेवू नकोस, पण बोलू नकोस.

…

आहेस ना?… हं.

…अर्ध्यावर आली.

…तोंड दिसतंय तिचं. ओठ मुडपून बसलीय. लहानपणी सुईत दोरा ओवताना बसायची ना, तश्शी.

…पुढची चाकं उतरली… अजून आहेत, मागे रांग आहे चाकांची… ये गं… ये…

आली! शेवटचं चाकसुद्धा उतरलं! माझी पोर आली गं!… रडतेय, हो, रडतेय मी! रडू दे मला!

भावोजींना सांग, ती खुर्ची आता दुसऱ्या कुणाला द्या… टोमणा नाही गं, मनापासून सांगतेय. त्यांनी जागा धरून ठेवली, हे मी विसरायची नाही. पण माझी लेक तिथे बसणार नाही. ती इथे बसणार, स्टिअरिंगमागे.

थांब, गाडीतून उतरतेय ती. मीही उतरले… दोन्ही हात पसरून उभी आहे मी रस्त्यात, वेड्यासारखी…

अगं, बघ तरी! माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही! सरळ मागे गेली… वाकून एकेका चाकाला हात लावून बघतेय, कुठलं तापलंय का.

आई राहिली उभी… नाही गं, राग कसला? राहू दे. आधी तिचं काम होऊ दे. ऊर भरून आलाय माझा, तुला कसं सांगू…

काय?… तुला नाही, भिंगरीला विचारतेय… आता हाक मारतेय बघ. 'आई, गाडी काढ आधी, रस्ता अडवलायस तू!'

काढते गं बाई, काढते!… चल, ठेवते मी. मालकीणबाई तापल्यात.