अठरा मिनिटं

नात : परत सांग. माझा फोन वाजला आणि तू उचललास?

आजी : तू बाथरूममध्ये केसांना शांपू चोपडत होतीस. वाजून वाजून दमला असता बिचारा.

नात : आजी, इंटरव्ह्यू अकराला होता. आत्ता पावणेअकरा होतायत.

आजी : इंटरव्ह्यूवाल्या बाईंनाच घाई होती. 'बुऑनजोर्नो' म्हणाल्या, मीही म्हटलं. तोंडावर आपटायचा का फोन?

नात : तू इटालियनमध्ये इंटरव्ह्यू दिलास.

आजी : दोन महिने भाजी निवडता निवडता तुझी कार्डं धरून प्रश्न कोण विचारत होतं? मला पाठ झाली उत्तरं. तुझी होईनात, ती गोष्ट वेगळी.

नात : थापा नको मारूस. मागे म्हणे लाटणं दाखवून वाघ पळवलास.

आजी : वाघाचं राहू दे. फोन बघ.

नात : अठरा मिनिटं... आजी, मागच्या तिन्ही ठिकाणी मी चार मिनिटांत गारद झाले होते.

आजी : अनुभव विचारला. कार्डावर दोन वर्षं होतं. मला लाज वाटली, चाळीस सांगितलं.

नात : (खाली बसते) संपलं. अर्जात माझं वय सव्वीस लिहिलंय.

आजी : तिथंच त्यांना संशय आला. कार्डाबाहेरचं विचारायला लागल्या. मग टाकलं सांगून. म्हटलं, मी आजी, ती अंघोळीला गेलीये, मला तिनंच शिकवलं.

नात : हे इटालियनमध्ये?

आजी : तुटकं बोलले, पण खरं बोलले. नोकरी शिकवायचीच आहे ना?

नात : कारखान्यातल्या लोकांना इटालियन. चिडल्या असतील त्या.

आजी : छे, खो खो हसल्या. वय विचारलं, एकोणऐंशी सांगितलं.

नात : तू चौऱ्याहत्तरची आहेस.

आजी : जरा वजन पडावं म्हणून. तुझ्याशी बोलायला अकराला परत करतायत फोन. केस पूस.

नात : पुन्हा सगळे शब्द पळणार.

आजी : तेही सांगितलंय. पोरगी घाबरली की गप्प होते, तेवढं जरा थांबा.

नात : काय म्हणाल्या?

आजी : 'थांबू' म्हणाल्या.