मधल्या रिकाम्या जागा

कार्यक्रम संपल्यावर हेल्मेट परत घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे गिटारवाल्याचे दोन चाहते होते.

“एवढ्या लांबून आलो आणि गड्यानं बारा मिनिटांत उरकलं!”

“एकटाच होता ना रे. त्याच्या ड्रमरचा उजवा हात लकव्यानं गेलाय. त्याच्याच उपचारासाठी तर कार्यक्रम होता.”

“मग दुसरा आणायचा! आणि सारखा मध्येच थांबत काय होता? वीस वर्षं ऐकतोय मी त्याला, असं कधी केलं नाही.”

“विसरला असेल. वय झालं.”

“थांबला की पहिल्या रांगेकडे बघायचा.”

“तिथे व्हीलचेअरवर एक म्हातारा डाव्या हातानं मांडीवर ठेका धरत होता.”

“बघ! अशा लोकांमुळेच कलाकाराची तंद्री मोडते.”

“जाऊ दे. मी सगळं रेकॉर्ड केलंय. मधल्या रिकाम्या जागा कापून तुला पाठवतो.”