बोलता येईल इतकंच पळ

"हॅलो? ...शेफे? अगं थांब, वारं लई हाय हितं. कानातला हेडफोन नीट लावू दे... हां. आता बोल."

पानशेत धरणाच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावर सोनिया पळत होती. नुकतंच उजाडलं होतं. रविवार म्हणजे सावकाश आणि लांब पळायचा दिवस, असं बॉक्सिंगच्या सरांनी ठरवून दिलेलं. पुण्याच्या गाड्या यायला अजून अवकाश होता. मोबाईलवर शेफालीचं नाव बघून तिचे पाय आपोआप मंदावले. शेफाली मराठवाड्यातल्या क्रीडा वसतिगृहात गेल्यापासून फोन नेहमी सोनियाच करायची, आणि तिकडून 'नंतर करते' एवढाच मेसेज यायचा. तो 'नंतर' आज पहिल्यांदा उजाडला होता.

"छे गं, झोपतीय कुठली. पळतीय... एकटीच. दुसरं कोण येणार? ...भिमा? तिचं लगीन ठरलं की. मग घरच्यांनी बॉक्सिंग बंद केलं तिचं... व्हय, हातमोजे मला देऊन गेली. ते जाऊ दे. तुझा आवाज असा का येतोय? ...सर्दी? ...शेफे, रडतीयेस व्हय?"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

दोघी एकाच वाडीतल्या, आणि वजनगटही एकच. वेल्ह्याला शाळेच्या हॉलमध्ये सर शिकवायचे, तिथं दोघींनी एकमेकींचेच ठोसे खाल्ले होते आणि रोज सकाळी दोघी याच रस्त्यानं बरोबर पळाल्या होत्या. वसतिगृहाच्या एका जागेसाठीच्या निवडीला नेमकी दोघींचीच लढत लागली. दोन राउंड सोनिया पुढे होती. तिसऱ्यात तिचा दम संपला. ठोसा दिसत होता, पण हात वर होईना. शेफाली जिंकली. परतीच्या एसटीत दोघी एकाच बाकावर बसल्या, आणि शेफाली सोनियाच्याच खांद्यावर डोकं टाकून झोपली. सोनियानं वाडी येईपर्यंत खांदा हलवला नव्हता.

"काय म्हणालीस? शेवटची? ...रोजच? ...म्हंजे बाकीच्या पोरी पळून, पाणी पिऊन बसल्यात, आन तू अजून मैदानातच? ...तिथल्या शिकवणाऱ्या मॅडम काय म्हणत्यात? ...काहीच न्हाई? मग? ...कोण हसलं? ...खरंच हसली, का तुला वाटलं? ...बरं बरं, हसली. चिडू नको. ...व्हय, ऐकतीय. बोल."

ती ऐकत राहिली आणि एकदम थांबलीच.

"परत बोल. ...घरी येतीयेस? ...आज? ...बॅग भरली? अगं पण..."

खाली धरणाचं पाणी आटून पार मागं सरकलं होतं आणि मधला गाळ उघडा पडला होता. रस्त्याच्या वरच्या अंगाला शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले, त्यांच्या फाटकांना अजून कुलपं. सोनिया कठड्यापाशी उभी राहिली. शेफालीनं परत यावं, असं तिनं किती सकाळी मनात म्हटलं होतं! पळताना डावीकडे कुणीतरी असावं. चढ लागला की कुणीतरी शिव्या घालाव्यात. पळून झाल्यावर नळाखाली दोघींनी डोकी धरावीत. एवढंच.

"मॅडमना काय सांगणार? ...माझं नाव? माझं कशाला? ...हां. ठाऊक हाय. तुझ्या खालोखाल माझंच हाय, सर बोलले व्हते. ...म्हंजे तू जागा सोडणार, आन मी यायचं? ...माझ्यासाठी?"

ती जागा सोनियाला हवीच होती. तिथलं मैदान, तिथली रिंग, रोजचं अंडं-दूध, समोर रोज नवी जोडीदार. 'ये' हा एकच शब्द म्हणायचा होता. तो ओठापर्यंत आलाही. आणि मग तिला दिसलं, की शेफाली ज्या एसटीतून उतरेल, तिच्यातच आपण चढणार.

"हाय, हाय. फोन चालू हाय. इचार करतीय. ...शेफे, अगं ऐक ना. तू आलीस की मी जाणार. मग तू ह्या रस्त्याला एकटी, आन मी त्या मैदानात एकटी. म्हंजे आपण काय केलं? नुस्ती अदलाबदल. ...न्हाई, राग कसला? ...बरं, व्हता राग. थोडा हाय अजून. तिसऱ्या राउंडचा. पण तू मला हरवलंस, आन आता तीच जागा पिशवीत घालून देतीस व्हय? तशी नको मला. ...न्हाई म्हंजे न्हाई. यायचं तर मी माझ्या दमावर येईन."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. शब्द परत घ्यायला अजून वेळ होता. तिनं तो जाऊ दिला.

"रडू नको. पायात काय हाय? ...चप्पल? मग बूट घाल. ...घाल म्हणते ना! मी थांबते. ...घातले? चल मैदानात. मी बी निघाले. ...किती जोरात काय? बोलता येईल इतकंच पळ. ...व्हय, हेच. सरांनी मला शिकवलंय, तू गेल्यावर. माझा दम संपला व्हता ना, म्हणून. ...अगं हळू! मला हितं ऐकू येतंय तुझं धापा टाकणं. आणखी हळू. ...लाज कसली? तुला पाहतंय कोण? आन पाहिलं तर पाहू दे."

सोनियाचे पाय पुन्हा लयीत पडू लागले.

"आता खरं सांग. पयल्याच फेरीला कुणाच्या मागं सुटतीस? ...ती अकोल्याची उंच? ...तरी म्हटलं! तिच्या टांगा केवढ्या, तुझ्या केवढ्या. तिथंच सगळा दम घालवतीस, मग पुढं काय राहणार? उद्यापासनं सगळ्यांच्या मागनं सुटायचं. ...व्हय, मुद्दाम. खांदे खाली सोड. मुठी आवळल्यात? ...मला कसं कळलं म्हंजे? तुझ्या मुठी मला ठाऊक न्हाईत व्हय? उघड त्या. आत्ता कुणाला मारायचं न्हाई. ...जोराचं आठवड्यातनं दोनदाच. राउंडएवढा वेळ जीव खाऊन, मग मिनिटभर चालायचं, परत जीव खाऊन. बाकीचे दिवस असंच, गप्पा मारत. ...अगं हळू पळूनच छातीतला दम वाढतो. मला तरी कुठं पटलं व्हतं! महिना-दोन महिने गेले, मग पटलं."

रस्ता धरणाला वळसा घालून झाडीत शिरला.

"बोलत राहा, गप बसू नको. मेसला काय देत्यात? ...पोहे. ...कच्च्या चपात्या? असलं खाऊन बी तुझं वजन गटात बरं राहतं! ...तुझी आई? बरी हाय. रतनकाकू पाण्याला भेटली का तुझंच सांगती, माझी शेफी अशी आन तशी. ...न्हाई, तिला काय बोलणार न्हाई मी. ...दम लागला? ...न्हाई ना? बघ!"

कानात शेफालीचा श्वास होता. एक आत, एक बाहेर, बुटांच्या आवाजासकट. सोनियानं नकळत आपला श्वास त्याला जुळवून घेतला. कित्येक महिन्यांनी रस्त्यावर दोघींची धाप होती. ती तशीच पळत राहिली. हे असंच दुपारपर्यंत चालावं, असं तिला वाटलं.

"काय? ...कोण हाक मारतंय? ...तीच, अकोल्याची? ...काय म्हणती? ...नाष्ट्याला? तुझ्यासाठी थांबल्यात सगळ्या? ...बघ, आन तू म्हणतीस हसत्यात. जा की मग. ...माझं काय? मी पळतीयच. ...आन बॅग? ...हां. आधी बॅग रिकामी कर, मग पोहे खा. ...शप्पत? ...बरं."

तिकडे चार-पाच मुलींचा गलबला जवळ आला. कुणीतरी काहीतरी विचारलं, शेफालीनं काहीतरी सांगितलं, आणि शेफाली हसली. मोकळं, नेहमीसारखं हसली.

"काय विचारत्यात गं? ...कुणाचा फोन म्हणून? ...आन तू काय सांगितलंस? ..."

सोनियाचा वेग कमी झाला.

"...'गावाकडची मैत्रीण हाय.' ...हां. बरोबरच हाय की. ...न्हाई, कुठं काय? वारं हाय हितं. ...तू ठेव, पोहे गार व्हतील. ...पुढच्या रविवारी? ...कर, जमलं तर. ...शेफे, एक सांगू? मला बी हितं लई एकटं... हॅलो? ...हॅलो?"

तिकडून फोन बंद झाला होता.

सोनिया रस्त्याकडेच्या कठड्याला टेकून उभी राहिली. पुण्याची पहिली गाडी गाणी वाजवत गेली. घाम गार पडायला लागला तशी ती निघाली. थांबून राहिलं की पोटऱ्या धरतात, आणि घरापर्यंतचा सगळा रस्ता अजून बाकी होता.