घाऱ्या डोळ्यांचं तिकीट

आत्या: पण तू त्या खिडकीवाल्याला म्हणालीस तरी काय? मी मागे चपलेचा तुटलेला अंगठा बघत होते, मला नुसती लाइन हसलेली ऐकू आली.

बकुळ: काही नाही गं, आत्या.

श्रीकृष्ण: मी सांगतो. मी झाशीच्या किल्ल्याची तीन तिकिटं मागितली. त्याने यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, दोन पाच-पाच रुपयांची, मॅडमचं शंभराचं. फॉरेनर.

आत्या: फॉरेनर? आमची बकुळ?

बकुळ: गोरी, घारी, वर ही टोपी. टोपी तूच घालायला लावलीस.

आत्या: उन्हाने काळवंडू नयेस म्हणून. मुलगा पुण्याहून बघायला येणार, त्याच दिवशी... माफ करा हं, श्रीकृष्णराव. आणि ते डोळे आमच्या घराण्याचे आहेत. आमचे मूळपुरुष ह्याच किल्ल्यावर हिशेबनीस होते. त्यांना कुणी तिकीट विचारलं नाही.

श्रीकृष्ण: ते कोकणातून आले होते ना? आजच्या खिडकीवर त्यांनाही शंभर पडले असते.

आत्या: ते जाऊ दे. ही काय म्हणाली?

श्रीकृष्ण: मला अर्धंच समजलं. 'काए भैया, हम तुमें अंगरेज दिखात? नगरा में पैदा भए, उतई बड़े भए.' नगरा म्हणजे तुमची इथली वस्ती, एवढं कळलं. पुढे त्याच्या आईचं माहेरही काढलं बहुतेक.

बकुळ: गरौठा गावाकडचं आहे ते. त्याच्या बोलण्यावरून कळत होतं.

आत्या: बुंदेली बोललीस? सकाळपासून कानीकपाळी ओरडतेय, आज 'मतलब' म्हणू नकोस, 'फुरसत' म्हणू नकोस, पुण्याची माणसं आहेत. आणि तू चार लोकांत बुंदेलीत भांडलीस?

श्रीकृष्ण: आत्या, मला बुंदेली चालते. ऐकायला छान वाटली.

आत्या: ऐकलंस? त्यांना चालते.

बकुळ: त्यांना माझी बुंदेली चालते गं. मला त्यांची नोट चालत नाही.

आत्या: कसली नोट?

बकुळ: मी तोंड उघडायच्या आत यांनी शंभराची नोट खिडकीत सरकवली होती.

श्रीकृष्ण: मागे लाइन होती. म्हटलं, पहिल्याच भेटीत वाद नको. आणि तसा नियम मला पटतो. किल्ल्याची डागडुजी आपल्या करातून होते, त्यांच्या नाही. त्यांनी थोडे जास्त दिले तर काय बिघडलं?

बकुळ: नियम मलाही पटतो.

श्रीकृष्ण: मग?

बकुळ: दर ठरतो कर कोण भरतं यावर, आणि हे तपासतात डोळ्यांचा रंग. थर्मामीटर लावून वजन सांगितल्यासारखं झालं. त्याने ओळखपत्र मागितलं असतं तर मी मुकाट्याने दाखवलं असतं.

आत्या: मला तर नियमच पटत नाही. पाहुणा घरी आला तर आपण त्याला जास्तीचं वाढतो, की त्याच्याकडून जास्तीचं घेतो? आधीच ते लोक झाशीला गाडीतून उतरतात आणि सरळ ओरछ्याला पळतात.

श्रीकृष्ण: पण पाहुण्याचा पगार डॉलरमध्ये असला तर?

आत्या: मी पाहुण्याला पगार विचारत नाही. तुम्हाला तरी विचारला का?

बकुळ: विचारलास. चहाच्या आधी.

आत्या: ते वेगळं.

बकुळ: खरं सांगू का? खिडकीवाला चुकला, ठीक आहे. त्याला मी घडीभर दिसले. तुम्ही तर सकाळपासून आमच्याकडे आहात, माझ्या हातचे पोहे खाल्लेत. तरी लाइन अडू नये म्हणून तुम्ही मला परदेशी मान्य केलंत.

श्रीकृष्ण: असं माझ्या मनात आलंच नाही.

बकुळ: तेच म्हणतेय. उद्या मी पुण्याला आले, तर तिथे दुकानात, बँकेत, तुमच्या काकूंकडे कुणीतरी म्हणणारच, हिचं मराठी कुठलं हो? तेव्हाही तुम्ही नोट काढून मोकळे होणार?

आत्या: बकुळ, अगं.

बकुळ: बाबा वर्कशॉपमधून आले की मला विचारणार ना, होकार की नकार? मग त्याआधी मलाही काही विचारू दे.

श्रीकृष्ण: आत्या, इथून राणी महालात जायचंय ना आपल्याला? तिथेही तिकीट असतं?

आत्या: असतं की. तोच दर, तशीच खिडकी.

श्रीकृष्ण: मग चला. आणि बकुळ, टोपी काढू नका.

(राणी महालासमोर. दोघी सावलीत उभ्या. श्रीकृष्ण तिकिटाच्या खिडकीशी.)

आत्या: तीन तिकिटांना एवढा वेळ?

बकुळ: लाइन रस्त्यापर्यंत आली.

आत्या: हातवारे कसे करतोय बघ. भांडतोय गं तो.

बकुळ: दिसतंय.

आत्या: मागचा पगडीवाला त्याला ढोसतोय. तू जा ना, दोन शब्द बोल तुझ्या बुंदेलीत, मिटवून टाक.

बकुळ: नको. थांब जरा.

आत्या: सकाळी बोलू नकोस म्हटलं तर बोललीस, आता बोल म्हणते तर... आला बघ. घामाघूम झालाय.

श्रीकृष्ण: हं, घ्या. पाच, पाच आणि पाच.

आत्या: काय सांगितलंत त्याला?

श्रीकृष्ण: म्हटलं, नगरा में पैदा भए. तो म्हणाला, कोण, तुम्ही? म्हटलं, त्या टोपीवाल्या. तो म्हणाला, मग मॅडमना बोलू द्या. म्हटलं, किल्ल्यावर त्या बोलल्या, आता माझी पाळी आहे.

बकुळ: आणि लाइन?

श्रीकृष्ण: लाइन बरंच काही म्हणाली. मला अर्धंच समजलं, तेवढं पुरे होतं.

बकुळ: तरी उभे राहिलात.

श्रीकृष्ण: राहिलो.

आत्या: चला आता, भरभर बघून घ्या सगळं. यांना संध्याकाळची पुण्याची झेलम एक्सप्रेस गाठायची आहे.

बकुळ: झेलम रोज असते, आत्या.