नानासाहेबांचे हात

मेंदूच्या डॉक्टरांकडं नंबर लावून पद्मजाताई बसल्या होत्या. महिन्यामागं झटका येऊन गेलेल्या हर्सूलच्या नानासाहेबांचं नाव पुकारलं गेलं, तपासणी झाली, आणि ते समोरच्या बाकावर येऊन ताठ बसले. एका बाजूला बायको साळूबाई, दुसऱ्या बाजूला वाळूजच्या कारखान्यातली पाळी बुडवून आलेला मुलगा बद्रीनाथ.

"आई, हातात ताकद हाय म्हणले डॉक्टर. पर डोक्यातून हुकूमच पोचत नाय. हात जोडा म्हणलं, जोडले का?"

"नाय जोडले."

"डावीकडं बघा म्हणलं, बघितलं का?"

"नाय. अन् गाय हंबरली की डोळं गर्रकन तिकडं जातेत, ते?"

"ते आपोआप व्हतं. ठरवून करायचं येगळं."

"काल दारात सोपानतात्या राम राम म्हणले, तर ह्यांनी दोन्ही हात जोडले."

"तुला भास झाला आसंल."

"चाळीस वर्सं बघतीय मी. पाटील आला, तहसीलदार आला, कुणाच्या हुकमानं ह्या माणसानं हात जोडले नाय. आता ह्या कालच्या पोरगेल्या डॉक्टरच्या हुकमानं जोडतील व्हय?"

"आई, ही बीमारी हाय. मिजास नाय."

तेवढ्यात पद्मजाताईंचं नाव पुकारलं. जन्मभर 'नमस्कार' म्हणत आलेल्या पद्मजाताई आत जाता जाता बाकापाशी थबकल्या.

"राम राम, नानासाहेब."

नानासाहेबांचे दोन्ही हात उठले आणि छातीशी जुळले.

साळूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या बद्रीनाथकडं वळल्या.

"जा, सांग तुझ्या डॉक्टरला. म्हणावं, हुकूम ऱ्हाऊ दे. आधी राम राम घाल."