विनीतच्या गाडीचा सायलेन्सर आणि मी केलेली तक्रार

नाव: मालन हरिश्चंद्र धनावडे. वय: ५६ वर्षे. व्यवसाय: आंबा-काजू बागायत व घरकाम. राहणार: मौजे आंबेखोल, मधलीवाडी, तालुका व जिल्हा रत्नागिरी.

मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून, हवालदार साहेबांनी विचारले त्याप्रमाणे माझ्या माहितीतले सांगते ते असे, की

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती मुंबईला एका सोसायटीत वॉचमन आहेत. ते शिमग्याला व गणपतीला येतात. आमची हापूसची बाग वाडीच्या वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, कडेला आहे. बागेला लागून माझे चुलत दीर मयत सखाराम यांची बाग आहे. ती आता त्यांची पत्नी गंगा व मुलगा विनीत, वय २३, बघतात. दोन्ही बागांच्या मध्ये जांभ्या चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटके दगडी कुंपण, आहे. गडगा कोणाच्या हद्दीत यावरून माझे व गंगाचे बोलणे बंद आहे. मोजणीवाले येऊन खुणा लावून गेले, तरी बोलणे काही सुरू झाले नाही. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, तशी गत आहे.

आज मला बोलावण्याचे कारण असे, की विनीतला बोटीवर खलाशाचे काम लागले आहे व त्याच्या पासपोर्टची पडताळणी या ठाण्यात आली आहे. फेब्रुवारीत मी त्याच्याविरुद्ध दिलेली तक्रार येथे नोंद आहे. विनीत मला त्रास द्यायच्या हेतूने मोटारसायकलचा कर्कश आवाज करतो व मी विचारल्यावर त्याने मला 'बघून घेतो' अशी दमदाटी केली, असे दोन मुद्दे त्यात आहेत. ते खरे आहेत काय व तक्रार पुढे चालवायची आहे काय, असे मला विचारण्यात आले.

गाडीबद्दल सांगते. विनीतने मिरकरवाड्यातील एका मासेविक्रेत्याकडून जुनी शंभर सीसीची मोटारसायकल घेतली. ऊन तापले की सीटला अजून बांगड्याचा वास येतो. फवारणीसाठी तो वाडीच्या विहिरीवरून पाण्याचे कॅन बागेत नेत असे. वर जाणारी घाटी चढी आहे. कॅन बांधले की गाडी अर्ध्यात दम टाकायची व विनीत खाली उतरून ढकलायचा. नाक्यावर रघूचे गॅरेज आहे. रघूने गाडीचा कंपनीचाच सायलेन्सर कापला, आतले पडदे काढले व पुन्हा वेल्डिंग करून बसवला. इंजिनाला श्वास मोकळा झाला की ओढ वाढते, असे त्याचे म्हणणे. ओढ किती वाढली ते विनीतला माहीत. आवाज मात्र पहिल्या दिवसापासून साऱ्या वाडीला माहीत झाला. चढताना गाडी गुरगुरायची आणि उतारावर रेस सोडली की फटाक्यांची माळ लागल्यासारखी फट-फट वाजायची.

सदर आवाज रोज सकाळी माझ्या घराच्या मागून जाई. घाटीने सरळ उतरायचे सोडून विनीत गडग्याच्या कडेने, माझ्या बागेला वळसा घालून उतरत असे. मी चहा घेत असे तेव्हा कप बशीत वाजे. गंगाने पोराच्या हाती मुद्दाम हे कोलीत दिले आहे, अशी माझी खात्री झाली. एकदा मी वाटेत आडवी उभी राहून त्याला विचारले, "तुज्या आयशीनं शिकवलान काय तुला ह्या?" तो काही बोलला नाही. मान खाली घालून गाडी चालू केली व गेला.

म्हणजे दमदाटीचा मुद्दा खोटा आहे. अर्ज लिहून देणाऱ्याने मला सांगितले, की नुसत्या आवाजाच्या अर्जाला वजन येत नाही, दमदाटी केली का? मी म्हटले, लिहा. ते शब्द विनीतने कधीच उच्चारलेले नाहीत. हे माझ्या तोंडून आज प्रथमच निघत आहे, म्हणून नीट लिहून घ्यावे.

माझ्या तक्रारीवरून पोलिसांनी विनीतला बोलावले व कारवाई केली. रघूने बनवलेला सायलेन्सर काढून घेतला व विनीतने बाजारातून कंपनीचा दुसरा आणून बसवला. त्या दिवशी मला बरे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप बशीत गप्प होता. मी दोन वेळा चहा केला.

त्यानंतर आठवड्याच्या आतच बागेत वांदरे आली. यापूर्वी येत नव्हती असे नाही, पण मोहोराच्या दिवसांत मागच्या फणसावर बसून बघून निघून जायची. ह्या वेळी टोळी उतरली व राहिली. आंबा सुपारीएवढा झाला होता. ती खात नाहीत, एकेक तोडतात, हुंगतात व टाकतात. मी डबा वाजवला, फटाके लावले. म्हातारी वांदरी फटाका वाजल्यावर माझ्याकडे असे बघे, की झाले का तुझे? कुत्रा आणला. तो दुसऱ्या दिवसापासून पडवीतून भुंकू लागला. फांद्यांखाली हिरव्या कैऱ्यांचा सडा पडला होता व मी तो झाडूने गोळा केला. तेव्हा मला रडू आले. घरात कोणी नव्हते, त्यामुळे अडचण झाली नाही.

गंगाच्या बागेतही तेच झाले. मग एके सकाळी विनीत गडग्यावर उभा राहून माझ्या बाजूला दगड मारताना मला दिसला. मी ओरडले, "माज्या बागंत दगड कशाला मारतंस?" तो म्हणाला, "काकी, ती तुज्या फणसावं बसत्यात. तितून आमच्यात उड्या मारत्यात. म्हणून मी तुज्या अंगानं गाडी फिरवायचो. त्या फटफटीला ती लय भ्यायची." मी विचारले, मग तेव्हा तोंड का शिवले होते? तो म्हणाला, "आयशीनं सांगितलान, त्यांच्याशी बोलायचा नाय." आमच्या भावकीत असेच आहे. बोलणे बंद झाले, की शिवी तेवढी पलीकडे पोचते, चांगले सांगायला कोणी जात नाही.

माझे भले करायला तो गाडी फिरवत होता असा माझा दावा नाही. त्याला त्याची बाग राखायची होती. पण त्यात माझी राखली जात होती. मला त्रास द्यायचा त्याचा हेतू नव्हता, हे मी खात्रीने सांगते. गाडीचा आवाज मोठा होता, हे मात्र खरे आहे व त्याबद्दलची कारवाई योग्य होती.

हवालदार साहेबांचा फोन आल्यावर मी विनीतला पासपोर्टबद्दल विचारले. तो म्हणाला, कागद अडला तर बोट निघून जाईल, त्या जागेवर जायला दुसरा थांबलेलाच असतो. त्याने मला तक्रार मागे घे असे सांगितले नाही. गडग्यावरचा सुटलेला चिरा बसवत होता, तो नीट बसवला व गेला.

काल दुपारी गंगा माझ्या घरी आली. मी पडवीत काजूच्या बिया वाळत घालत होते. ती गडगा ओलांडून आली, पायरीवर बसली व पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "वयनी, तक्रार मागं घ्येव नको."

मला वाटले उलट बोलली. मी पुन्हा विचारले. ती म्हणाली, "ऱ्हावू दे ती तशीच. कागद अडला तर माजा पोर घरी ऱ्हायल. तुजी वांदरां पन हाकील. गडगा तुजा म्हन, मी काय बोलायची नाय."

येथे नमूद करते, की सखाराम भावजी बोटीवर होते. पाच वर्षांपूर्वी ते परदेशात बंदरात आजारी पडले. त्यांचा देह विमानाने आला. तेव्हा गंगा व मी बोलत होतो व तिला धरून मीच बसले होते.

मी तिला हो किंवा नाही म्हटले नाही. दोघींनी मिळून बिया पसरल्या. संध्याकाळ होण्याआधी ती गेली.

तक्रार तशीच राहिली तर माझा फायदा आहे, हे मला कळते. विनीत राहील, आंबा वाचेल, गडग्याचा वाद मिटेल व जाऊ पायरीवर येऊन बसेल. मला ते हवे आहे. काल तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला तेव्हा मला किती बरे वाटले, हे जबाबात कसे लिहितात ते मला ठाऊक नाही. पण ज्या शब्दांवर तो पोरगा अडणार ते त्याचे नाहीत, माझे आहेत. खोट्याच्या खुंट्याला दुसऱ्याचा मुलगा बांधून ठेवता येत नाही. त्याच्या आईने दावे हातात दिले म्हणूनही नाही. तो उद्या बोटीवर गेला व त्याचे काही बरेवाईट झाले तर गंगा मला आयुष्यभर बोल लावील. तोही मला मान्य आहे.

तरी माझी विनीत सखाराम धनावडे याच्याविरुद्ध काहीएक तक्रार नाही. पूर्वीची तक्रार मला पुढे चालवायची नाही. त्याची वर्तणूक चांगली आहे व त्याला पासपोर्ट देण्यास माझी हरकत नाही. खोटा मुद्दा लिहून दिल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी.

माझा जबाब मला मराठीतून सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे व तो बरोबर आहे. हा जबाब दिल्याचे गंगाला पोलिसांनी कळवू नये, अशी माझी विनंती आहे. मी येथून सरळ तिच्याकडेच जात आहे.

हवालदार साहेबांसमक्ष,
सही: मालन हरिश्चंद्र धनावडे